टीबी वॉर्डसाठी धुऊन वापरायचे रबरी हाफ मास्क: काय घ्यावं, कसं धुवावं?

इन्फेक्शनकंट्रोल_सिस्टर

आमच्याकडे १८ खाटांचा टीबी वॉर्ड, त्यात चार खाटा एमडीआरच्या (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी). शिवाय थुंकीचे नमुने घ्यायची खोली आणि आठवड्यातून दोनदा ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकेची तपासणी). डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ, मावशी, वॉर्डबॉय मिळून ४२ जणांना रोज एन९५ लागतो. साथ आली की बाजारातून पहिला गायब होतो तो एन९५. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यात आणि २०२० मध्ये सगळीकडे तेच झालं. म्हणून व्यवस्थापन आता फिल्टर बदलता येणारे इलास्टोमेरिक (रबरी) हाफ मास्क घ्यायचं म्हणतंय.

पुरवठादाराने नमुना दिलाय: करड्या रबराचा मास्क, मध्यम माप, दोन्ही बाजूंना काळ्या पट्टीच्या गोल डब्या. "केमिकल फॅक्टरीत चालतो, मग जंतूंना तर चालणारच" असं त्याचं म्हणणं. ते मला पटत नाहीये.

१) नमुना योग्य आहे का? नसेल तर ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहायचं?
२) धुणं आणि निर्जंतुक करणं: वॉर्डमधलं १ टक्का हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) चालेल का? सीएसएसडीत (रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात) ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करता येईल का?
३) फिट टेस्टचं (मास्क चेहऱ्याला गळतीशिवाय बसतो का ते तपासायचं) मशीन नाही. त्याशिवाय चाचणी होते का?
४) फिल्टर किती दिवसांनी बदलायचा?
५) पुढच्या झडपेतून श्वास गाळला न जाताच बाहेर येतो, त्याचं काय?

सेफ्टीवाला_चाकण

ताई, तुमची शंका बरोबर आहे. तो नमुना परत करा.

अमेरिकन नियोशच्या (मास्कना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) रंगसंकेतात काळी पट्टी म्हणजे सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज, म्हणजे रंग, थिनर, सॉल्व्हंट. आत सक्रिय कोळसा असतो. तो वाफा शोषतो, कण अडवत नाही. वर कणांचा फिल्टर चढवलेला नसेल तर टीबीचे जंतू असलेले सूक्ष्म कण त्या कोळशाच्या दाण्यांमधून आरामात आत जातात. पेंटरचा मास्क दवाखान्यात आणताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दिसायला भारदस्त असतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

तुम्हाला हवा आहे कणांचा फिल्टर. नियोशचा असेल तर पी१०० (९९.९७ टक्के कण अडवणारा, पट्टी किरमिजी) किंवा एन९५ दर्जाचा. युरोपीय असेल तर ईएन १४३ या मानकाचा पी३ (९९.९५ टक्के), पट्टी पांढरी. युरोपीय मास्कवर ईएन १४० लिहिलेलं असतं. नियोशच्या मालावर टीसी-८४ए ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो नियोशच्या यादीत टाकून बघा. आणि मास्क ज्या कंपनीचा, फिल्टरही त्याच कंपनीचा घ्या. पाव फेरा फिरवून बसवायचे खटके कंपनीगणिक वेगळे असतात. दुसऱ्या कंपनीचा फिल्टर बसल्यासारखा वाटला तरी गॅस्केटवर फट राहते, आणि मान्यता तर जातेच.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. पी१०० लावला म्हणजे एन९५ च्या कितीतरी पट संरक्षण मिळालं, असं नाही. अमेरिकेच्या ओशाने (कामगार-सुरक्षा खात्याने) हाफ मास्कला दिलेला संरक्षण गुणांक (बाहेरच्यापेक्षा आत किती पट कमी कण) १० आहे आणि नीट बसलेल्या एन९५ लाही १० च. कारण हाफ मास्कमध्ये गळती फिल्टरमधून कमी आणि चेहऱ्याच्या कडेने जास्त होते. रबरी मास्कचा फायदा असा की त्याची कड रोज तशीच राहते. एन९५ च्या नाकावरची पट्टी चार-पाचदा घातला-काढला की सैल पडते.

हाफ मास्क बहुतेक लहान, मध्यम, मोठा अशा तीन मापांत येतात. पुरवठादार सरसकट मध्यम देतात, कारण त्यांच्याकडे पडून असतो तोच. तुमच्याकडे सिस्टर आणि मावशी जास्त, तेव्हा लहान माप बरंच लागणार. ऑर्डरआधी प्रत्येक मापाचे दोन-दोन मास्क आणि फिल्टर मागवा, ४२ जणांची फिट टेस्ट करा आणि मगच कोणत्या मापाचे किती ते ठरवा. शक्य असेल तर दोन कंपन्यांचे नमुने ठेवा, एखाद्या चेहऱ्याला एका कंपनीचं कुठलंच माप बसत नाही.

साठा: ४२ चेहऱ्यांसाठी ४८ मास्क (जादाचे सहा मापांनुसार वाटून), फिल्टरच्या ८४ जोड्या म्हणजे माणशी दोन, आणि सुट्या झडपांची पाकिटं. झडप म्हणजे रबराची पातळ चकती, किंमत किरकोळ, पण ती हरवली किंवा वळली की मास्क निकामी. खरेदी खात्यातले लोक नेमकी हीच ओळ खोडतात. खोडू देऊ नका.

खर्चाचं गणित व्यवस्थापनाला असं मांडा: ४२ जण × रोज एक × २६ दिवस = महिन्याला १,०९२ एन९५. नग ४० रुपयांनी धरला तर ४३,६८० रुपये. या आकड्याशेजारी मास्क-फिल्टरचं कोटेशन ठेवा, आणि त्यात धुणाऱ्या माणसाचा पगार धरायला विसरू नका.

सूक्ष्मजीव_नाशिक

प्रश्न २ बद्दल. आधी ऑटोक्लेव्ह: नाही. फिल्टरचं माध्यम वाफेने खराब होतं. मास्कचा साचा थर्मोप्लास्टिकचा असेल तर १२१ अंशांना त्याची कड वाकडी होते. काही सिलिकॉनचे मास्क जास्त तापमान सहन करतात, पण कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं असेल तरच.

वॉर्डमधलं १ टक्का हायपो म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत दहा हजार भाग). ओशाच्या धुण्याच्या पद्धतीत क्लोरीन लागतं ५० पीपीएम, दोन मिनिटं. म्हणजे तुमची बादली दोनशे पट तीव्र आहे. मास्क त्यात रोज बुडवले तर रबर चिकट होतं, बकलं गंजतात आणि नीट खळबळलं नाही तर नाकाच्या कडेने चट्टे उठतात. मग लोक मास्क घालायलाच नको म्हणतात.

दुसरी बाजूही बघा. ५० पीपीएम क्षयाच्या जंतूवर भरवशाचं नाही, त्याचं मेणचट आवरण चिवट असतं आणि त्याला १,००० पीपीएमच्या आसपास क्लोरीन लागतं. पण टीबी मास्कला हात लावून होत नाही, हवेतून होतो. मास्क धुताना खरी काळजी थुंकी, घाम, त्वचेवरचे जंतू आणि फ्लू-कोविडसारख्या विषाणूंची. म्हणून पुस्तिकेत जे जंतुनाशक आणि जी कमाल तीव्रता चालते म्हटलंय त्यातलं निवडा. काही कंपन्या थोड्या वेळेपुरतं ५,००० पीपीएमसुद्धा चालवून घेतात. तुमच्या बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर:

५० पीपीएम = १ लिटर पाण्यात १ मिली
१,००० पीपीएम = २० मिली हायपो, पाणी घालून १ लिटर
५,००० पीपीएम = १०० मिली हायपो, पाणी घालून १ लिटर

बाटली १० टक्क्यांची असेल तर हायपो निम्मं. हायपो उजेडात आणि उष्णतेत उतरतं. एप्रिल-मे महिन्यात खिडकीत ठेवलेल्या कॅनवरचा आकडा खरा धरू नका. द्रावण रोज ताजं करा.

धुण्याचा क्रम असा. फिल्टर काढून बाजूला. पुढच्या झडपेचं झाकण, झडप, आतल्या दोन झडपा आणि पट्टे सुटे करा. ४३ अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात सौम्य, तेल किंवा लॅनोलिन नसलेला साबण घाला आणि मऊ ब्रशने घासा, तारेचा ब्रश नको. घासणं आधी, हायपो नंतर, कारण थुंकी आणि घामाचा थर राहिला तर क्लोरीन त्यातच खर्च होतं. साबण धुऊन काढा, मग जंतुनाशकात पुस्तिकेत दिलेली वेळ बुडवा. मास्क वर तरंगतो, आत हवेचा फुगा राहतो, तेव्हा उलटा करून दाबा. मग वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळा. सावलीत, जाळीवर, तोंड खाली करून वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. झडप तापली की तिची कड वर वळते आणि मग ती बसत नाही. आणि हायपोच्या टबात संडास साफ करायचं ॲसिड कधीही पडता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो. बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा.

फिल्टर कधीही बुडवायचा नाही. बंद प्लास्टिकच्या डबीतला असेल तर बाहेरून पुसता येतो, हवा आत घेणाऱ्या फटीत ओल जाऊ न देता. उघड्या चकतीचा, कापडासारखा दिसणारा असेल तर पुसताही येत नाही. रुग्णालयासाठी बंद डबीचाच मागवा. तो जरा जड असतो, पण रोज पुसायचं तर दुसरा इलाज नाही.

पल्लवी_लेस्टर

इथे ब्रिटनमध्ये घट्ट बसणारा कुठलाही मास्क फिट टेस्टशिवाय द्यायचा नाही, असा आरोग्य-सुरक्षा खात्याचा दंडक आहे, धुऊन वापरायच्या हाफ मास्कलाही. मशीन नसलं तरी अडत नाही. कडू चवीच्या (बिट्रेक्स) किंवा सॅकरिनच्या फवाऱ्याची हुडवाली चाचणी हाफ मास्कला चालते. मशीनच्या चाचणीत हाफ मास्कला १०० चा फिट फॅक्टर (बाहेरचे कण आतल्यापेक्षा किती पट) लागतो, आणि चवीची चाचणीही त्याच पातळीसाठी बनवलेली आहे. फुल फेसला (पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कला) ती वापरू नका.

किटमध्ये हुड, दोन नेब्युलायझर आणि दोन द्रावणं असतात. एक पातळ (चव लागते का बघायला), दुसरं तीव्र (प्रत्यक्ष चाचणीला). दोन्ही नेब्युलायझरवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी आधीच लावा. तीव्र द्रावण पातळच्या नेब्युलायझरमध्ये गेलं की सगळ्यांनाच चव 'लागते' आणि दिवसभराचे निकाल फुकट जातात.

चाचणीआधी १५ मिनिटं काही खाणं-पिणं नाही. चहा, सुपारी, गुटखा, काही नाही. मास्क न घालता हुडमध्ये तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्यायला सांगा. पातळ द्रावणाचे १० दाब. चव लागली नाही तर आणखी १०, मग आणखी १०. तीसलाही लागली नाही तर त्या माणसावर ही चव चालत नाही, दुसरी वापरा. कितीला लागली ते लिहून ठेवा: १०, २० की ३०.

मग तोंड धुऊन चव पूर्ण जाऊ द्या. मास्क घालून पाच मिनिटं बसू द्या. हुडमध्ये तीव्र द्रावणाचे तेवढेच दाब द्या आणि दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, कमरेत वाकणं, पुन्हा साधा श्वास: प्रत्येकी एक मिनिट. बोलण्यासाठी शंभरपासून उलटे आकडे मराठीत म्हणायला लावा. नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव म्हणताना जबडा चांगला हलतो आणि हनुवटीखालची गळती तिथेच उघडी पडते. मध्ये कधीही कडू लागलं की नापास. पट्टे आवळून लगेच पुन्हा करू नका, चव जाऊ द्या आणि दुसरं माप द्या. नेब्युलायझरची नळी दर चार तासांनी पाण्याने धुवा, द्रावण वाळून भोक बुजतं आणि मग सगळेच पास होत सुटतात.

दाढी: कडेखाली केस नकोत, दोन दिवसांचे खुंटही नकोत. मिशी मास्कच्या आत मावत असेल आणि झडपेला लागत नसेल तर चालते. धर्मामुळे किंवा अन्य कारणाने दाढी ठेवणाऱ्यांसाठी सैल हुडचा, बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा देणारा पीएपीआर घ्या. अंबाडा असेल तर वरचा पट्टा त्याच्या वरून आणि खालचा मानेवर. चष्मा मास्कनंतर लावायचा. कडेच्या जागी क्रीम, व्हॅसलीन नको, मास्क घसरतो.

सेफ्टीवाला_चाकण

फिट टेस्ट वर्षातून एकदा (किंवा वजन बरंच बदललं, दात काढले तर मध्येच), पण सील चेक (मास्कची कड गळत नाही ना, हे स्वतः बघणं) दर वेळी घालताना. दोन चेक आहेत आणि दोन्ही वेगळे दोष पकडतात, हे फारसं कुणी सांगत नाही.

निगेटिव्ह: दोन्ही फिल्टरची तोंडं झाका, हळू श्वास आत घ्या, दहा सेकंद रोखा. मास्क किंचित आत ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. सुटला तर कड गळतेय किंवा पुढची उच्छ्वास झडप बसलेली नाही. झडपेखाली केस, वाळलेला साबण नाहीतर थुंकीचा कण असतो.

पॉझिटिव्ह: पुढच्या झडपेवर तळहात, हळू श्वास सोडा. मास्क जरासा फुगला पाहिजे. इथे तुम्ही ती झडप हातानेच बंद केलेली असते, त्यामुळे तिचा दोष यात कळत नाही. पण धुतल्यावर आतली झडप बसवायची राहिली असेल तर हवा फिल्टरकडे निसटते, ते इथे समजतं. आतली झडप नसलेला मास्क घातला की ओला श्वास रोज फिल्टरमध्ये जातो. म्हणून दोन्ही चेक.

फिल्टर किती दिवस: कारखान्यात धुळीने भरतो म्हणून श्वास जड होतो आणि बदलावा लागतो. वॉर्डात तेवढी धूळ नसते, फिल्टर महिनोन्‌महिने चालतो. तारीख उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ठरवा, पण भिजला, रक्त-थुंकी उडाली, डबी तडकली, खाली आपटला किंवा श्वास जड झाला तर त्याच दिवशी बदला.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

झडपेचा मुद्दा हलका घेऊ नका. टीबी वॉर्डात कर्मचारी निरोगी आणि रुग्ण आजारी असं गृहीत धरलं तर झडपेची अडचण नाही. पण लक्षणांआधीच पसरणाऱ्या विषाणूच्या साथीत ते गृहीतक कोसळतं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्ये झडपवाल्या एन९५ बद्दल राज्यांना इशारा दिला होता तो याचसाठी. ऑपरेशन थिएटर, नवजात शिशू कक्ष, केमोथेरपीचे रुग्ण इथे झडप उघडी ठेवून जायचं नाही.

उपाय तीन. झडपेवर सर्जिकल मास्क बांधणं, हे तातडीचं. झडपेला वेगळं फिल्टर-झाकण मिळणारं मॉडेल घेणं. किंवा झडपच नसलेलं मॉडेल, अशा हाफ मास्कना नियोशने २०२० पासून मान्यता द्यायला सुरुवात केली. त्यात उच्छ्वासही फिल्टरमधून जातो, म्हणून ओल जास्त आणि फिल्टरवर लक्षही जास्त ठेवावं लागतं. तुम्ही टीबी आणि पुढची साथ दोन्हींसाठी खरेदी करताय, तर आज झाकण मिळतं का हे विचारूनच मॉडेल ठरवा.

आवाज: मास्कमधून 'दहा' आणि 'सहा' यांत फरक कळत नाही. औषधाचा डोस सांगताना आकडे सुटे म्हणायचे ("एक-शून्य") आणि समोरच्याने उलट म्हणून दाखवायचे, हा नियम फलकावर लावा. बोलण्याचा पडदा असलेली मॉडेल मिळतात, एमडीआर खोलीत त्यांचा उपयोग होतो. आणि या मास्कना सर्जिकल मास्कसारखी द्रव-रोधक चाचणी सहसा नसते, रक्त उडणाऱ्या कामात फेसशील्ड हवंच.

इन्फेक्शनकंट्रोल_सिस्टर

सगळ्यांचे आभार. नमुना परत जाईल. अजून दोन प्रश्न. मास्क प्रत्येकाने आपला धुवायचा की एकाच जागी? आणि ड्युटी संपताना काढायचा क्रम काय?

सूक्ष्मजीव_नाशिक

एकाच जागी, एकाच माणसाकडे. 'ज्याचा त्याने' म्हटलं की पाळी संपताना घाई असते, मास्क नळाखाली धरून पिशवीत टाकला जातो आणि ओला राहून कुबट वास मारतो. वॉर्डाबाहेर दोन सिंकची जागा बघा, मलिन बाजू आणि स्वच्छ बाजू वेगळी. हात धुण्याचं सिंक यासाठी वापरू नका. टीबी वॉर्डाचं वायुवीजन आधी तपासा हे सांगायला नको, २०१० च्या केंद्राच्या हवेतील संसर्ग नियंत्रण सूचनांत जास्त धोक्याच्या जागी ताशी किमान १२ वेळा हवा बदल सांगितला आहे. तिथे हवा कोंडलेली असेल तर मास्कवर सगळा भार टाकताय.

रोज पाळी संपताना पुसणं (फिल्टर न काढता, बाहेरून आणि आतली कड) आणि आठवड्यातून एकदा सुटा करून पूर्ण धुणं, किंवा दिसण्याइतकी घाण लागली तर लगेच. साथीच्या काळात पूर्ण धुणं रोज. त्यासाठी माणशी दुसरा मास्क लागतो, कारण वाळायला वेळ जातो. एका माणसाचा मास्क दुसऱ्याला द्यायचा नाही. क्रमांक पट्ट्याच्या प्लास्टिकवर टाका, रबरावर मार्करने लिहू नका.

पल्लवी_लेस्टर

काढण्याचा क्रम: खोलीत असतानाच ग्लोव्हज आणि गाऊन. बाहेर येऊन दार लावा, हात स्वच्छ करा, मग फेसशील्ड. शेवटी मास्क: पुढे झुका, खालचा पट्टा मानेमागून सोडा, मग वरचा पकडून पुढे घ्या, समोरच्या भागाला हात न लावता. मास्क ट्रेमध्ये ठेवा आणि पुन्हा हात धुवा. मास्क गळ्यात लटकवून चहाला जाणं बंद करा, कडेला बाहेरची घाण लागते आणि तीच कड परत तोंडावर येते.

वाळल्यावर फिल्टर लावून, झडपा तपासून, हवा खेळेल अशा कडक डब्यात ठेवा. घट्ट झिपच्या प्लास्टिक पिशवीत ओल अडकते आणि कपाटात वस्तू वर रचल्या की कड चपटी होऊन तशीच राहते. फिल्टरच्या डबीवर बसवल्याची तारीख टाका.

सेफ्टीवाला_चाकण

एक राहिलं. घालण्याआधी दमा, हृदयविकार, गरोदरपण, बंद जागेची भीती याबद्दल डॉक्टरांकडून विचारून घ्या. मास्क घालून २० मिनिटांत गुदमरल्यासारखं होणारा माणूस वॉर्डात मास्क खाली ओढतो, आणि तेही नेमकं खोकणाऱ्या रुग्णाजवळ. अशांना पहिल्याच दिवशी पीएपीआर किंवा दुसरी ड्युटी द्या. ऑर्डरमध्ये पीएपीआर दोन धरा, बॅटऱ्या चार.